मोटारीतील हवा आणि आयनांचा हिशेब

नवी मोटार ताब्यात घेण्याचा दिवस व्यापारी कुटुंबात सणासारखा साजरा होतो. हार, नारळ, पेढे, सर्वांचे एकत्र छायाचित्र असे सारे यथासांग पार पडते आणि त्याच गडबडीत विक्रेता जोडवस्तूंची यादी पुढे करतो. एरवी पोत्यामागे दोन रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारा गृहस्थ त्या यादीवर फारसे न वाचताच सही करतो. पायातले मॅट, सीट कव्हर, काचेवरची फिल्म यांच्या जोडीला त्या यादीत अलीकडे आणखी एक नाव दिसू लागले आहे. ते म्हणजे आयोनायझर. मोबाईल चार्जरच्या जागी, म्हणजे १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारी ही चिमुकली वस्तू निळा दिवा दाखवीत काम करते. काही महागड्या गाड्यांत ती कारखान्यातूनच वातानुकूलन यंत्रणेत बसवून येते. खोक्यावर धूळ, धूर, दुर्गंधी आणि जंतू यांपासून मुक्तीची ग्वाही असते आणि शेजारी धबधब्याचे चित्र असते.

ही वस्तू हौसेने घेणारे थोडे. बहुतेक घरांत ती काळजीपोटी येते. कोल्हापूर-सांगलीकडची कुटुंबे खरेदीसाठी, लग्नकार्यासाठी किंवा डॉक्टरांच्या तपासणीसाठी पुण्या-मुंबईकडे निघाली की सहा-सात तास बंद काचांच्या गाडीत बसतात. मागच्या सीटवर आजी असते, तिच्या मांडीवर नातू असतो आणि त्या नातवाला दमा असेल तर आईच्या पर्समध्ये पंप असतो. मुलाला धुळीचा त्रास होतो म्हणून वडील आयोनायझर घेतात. ज्याच्यासाठी ती वस्तू घेतली त्यालाच तिचा उपद्रव होण्याचा संभव अधिक, ही यातली खरी अडचण आहे. ती नीट समजण्यासाठी या यंत्राच्या पोटात काय चालते ते आधी पाहिले पाहिजे.

यंत्रात सुईच्या टोकासारखी किंवा बारीक ब्रशसारखी एक धातूची अग्रे असलेली रचना असते. तिला काही हजार व्होल्टचा दाब दिला जातो. त्या टोकाजवळून जाणाऱ्या हवेच्या रेणूंवर विद्युतभार चढतो आणि असे भारित रेणू म्हणजेच आयन. हे आयन हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांना चिकटतात, कणांवरही भार चढतो आणि भारित कण जवळच्या पृष्ठभागाकडे ओढले जाऊन त्यावर बसतात. घुसळलेल्या आणि कोसळणाऱ्या पाण्याजवळ हवा भारित होते हे निरीक्षण जर्मन शास्त्रज्ञ फिलिप लेनार्ड यांनी १८९२ मध्ये मांडले होते. त्यांना पुढे १९०५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र कॅथोड किरणांवरील कामासाठी. खोक्यावरचा धबधबा येतो तो या निरीक्षणातून. पावसाळ्यात आंबोलीच्या धबधब्यापाशी उभे राहिल्यावर जे प्रसन्न वाटते त्यात गारवा, ओलावा, हिरवाई आणि दुकान बंद ठेवून आल्याचा आनंद यांचा वाटा किती आणि आयनांचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. आयन आणि मनःस्थिती या विषयावरील उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चिंता, झोप किंवा एकूण मनःस्थिती यांवर आयनांचा सातत्याने परिणाम होतो असे त्यात आढळले नाही. फार मोठ्या प्रमाणातील ऋण आयनांमुळे नैराश्याची लक्षणे काही रुग्णांत कमी झाल्याची नोंद तेवढी त्यात आहे, पण ती उपचाराच्या यंत्रांविषयीची आहे. सॉकेटमधल्या खेळण्याला तिचा आधार देता येत नाही.

धुळीच्या बाबतीत यंत्राच्या बाजूने बोलण्यासारखे थोडे तरी आहे. कण हवेतून कमी होतात हे खरे. प्रश्न असा की ते जातात कोठे? ज्या यंत्रात कण पकडून ठेवणारी पट्टी किंवा गाळणी असते त्यात ते तेथे अडकतात आणि पट्टी पुसली की बाहेर जातात. साध्या आयोनायझरमध्ये अशी सोय नसते. मग ती धूळ डॅशबोर्डवर, काचेच्या आतल्या बाजूला, सीटच्या कापडावर आणि प्रवाशांच्या कपड्यांवर बसते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रक्कम फेडली गेली नाही, एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर वर्ग झाली. दार धाडकन लावले, मुलांनी सीटवर उड्या मारल्या की त्यातली काही पुन्हा हवेच्या नावे पडते. घरात अशी यंत्रे वापरणाऱ्यांना यंत्रामागच्या भिंतीवर काळसर डाग पडल्याचा अनुभव असतो. तो हाच प्रकार.

बीजिंगमधील शाळकरी मुलांवर झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात विचार करायला लावतो. वर्गात काही दिवस खरे आयनयंत्र चालवले आणि काही दिवस तसेच दिसणारे पण निष्क्रिय यंत्र ठेवले. एकूण ४४ मुलांची तपासणी झाली. खऱ्या यंत्राच्या दिवसांत हवेतील सूक्ष्म कण जवळपास निम्म्यावर आले आणि मुलांच्या फुप्फुसांची क्षमता किंचित सुधारली. परंतु हृदयाच्या ठोक्यांतील नैसर्गिक चढउताराची मापे मात्र प्रतिकूल दिशेने गेली. एवढ्या छोट्या प्रयोगावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. तरीही जमेच्या बाजूला एक रक्कम दिसली म्हणून नावेची बाजू कोरी आहे असे समजू नये, एवढे त्यातून दिसते.

नावेच्या बाजूची सर्वांत मोठी रक्कम ओझोनची आहे. सुईच्या टोकाशी विद्युत विसर्ग होताना हवेतील प्राणवायूच्या काही रेणूंचे विघटन होते आणि तीन अणूंचा ओझोन तयार होतो. क्रिस्टियान शोनबाइन या रसायनतज्ज्ञाने १८४० च्या सुमारास या वायूला नाव दिले ते वास येणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. झेरॉक्सच्या जुन्या यंत्राजवळ किंवा वीज कडाडून गेल्यावर येणारा तो तिखट, धातूसारखा वास बहुतेकांच्या ओळखीचा असतो. आयोनायझर लावल्यावर गाडीत तसा वास आला की अनेकांना हवा ताजी झाल्यासारखे वाटते. विक्रेतेही हा ताजेपणाचा वास असल्याचे सांगतात. वस्तुतः तो ओझोनचा असतो. आणि थोड्या वेळाने वास येईनासा झाला म्हणजे ओझोन संपला असेही नव्हे, कारण नाक त्याला लवकर सरावते.

आकाशात पंधरा-वीस किलोमीटर आणि त्याहून उंचावर असलेला ओझोन सूर्याच्या अतिनील किरणांपासून पृथ्वीचे रक्षण करतो, हे शाळेत शिकवलेले असते. त्यामुळे या शब्दाला एक चांगुलपणा चिकटला आहे. नाकाजवळचा ओझोन मात्र श्वसनमार्गाचा दाह करतो. घसा खवखवणे, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे असून दम्याच्या रुग्णाला त्यामुळे झटका येऊ शकतो. लहान मुले, वृद्ध आणि दिवसभर गाडीतच असणारे चालक यांना धोका अधिक. भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेतील ओझोनची सरासरी आठ तासांसाठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासासाठी १८० मायक्रोग्रॅम यापुढे जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेची आठ तासांची मर्यादाही १०० मायक्रोग्रॅमच आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तर हवा शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्रांसाठी २००७ मध्ये स्वतंत्र नियम मंजूर केला आणि दशलक्षात ०.०५० भाग, म्हणजे जवळपास तेवढ्याच, ओझोनची मर्यादा घालून दिली.

येथे मोटारीच्या आकाराचा प्रश्न येतो आणि तो थोडा सावकाश पाहण्यासारखा आहे. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ४१ घनमीटर हवा मावते. साध्या मोटारीच्या आतली जागा साधारण तीन घनमीटरची. म्हणजे खोली मोटारीच्या तेरा-चौदा पट. समजा, एखादे यंत्र तासाला एक मिलिग्रॅम, म्हणजे १००० मायक्रोग्रॅम ओझोन सोडते. खोलीत ही भर घनमीटरमागे ताशी सुमारे २५ मायक्रोग्रॅम पडते. तेच यंत्र मोटारीत लावले तर ती ३३० च्या पुढे जाते. अर्थात ही जमा झाली, शिल्लक नव्हे. ओझोन टिकाऊ नाही. सीट, काच, कपडे, माणसाची त्वचा यांवर तो सतत खर्च होत असतो, फटींतून येणारी हवाही त्याला पातळ करते, आणि मोटारीत हे सारे पृष्ठभाग अंगाशी भिडलेले असल्याने खर्चही खोलीपेक्षा वेगाने होतो. प्रत्यक्ष शिल्लक यंत्रावर, पंख्याच्या वेगावर आणि बाहेरची हवा आत घेण्याचे झाकण उघडे आहे की बंद यावर ठरते. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते. खोलीसाठी निरुपद्रवी ठरलेले यंत्र मोटारीतही निरुपद्रवी असेल असे गृहीत धरता येत नाही, आणि डॅशबोर्डवर लावलेले यंत्र तर चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असते.

यात भर पडते ती अत्तराच्या बाटलीची. लिंबू, संत्रे किंवा देवदार यांच्या वासाची एक कुपी बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डवर किंवा वातानुकूलनाच्या जाळीवर अडकवलेली असते. या सुगंधांतील लिमोनिन, पायनिन यांसारखी द्रव्ये ओझोनशी झटपट संयोग पावतात आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड तसेच अतिसूक्ष्म कण तयार होतात. फॉर्मल्डिहाइड डोळे आणि घसा यांना झोंबते आणि कर्करोगकारक द्रव्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. कण घालवण्यासाठी आणलेले यंत्र आणि वास घालवण्यासाठी आणलेली कुपी मिळून नवे कण आणि नवी रसायने तयार करतात, हा प्रकार सर्वांच्या लक्षात येत नाही. दोन्ही वस्तू एकाच दुकानातून, एकाच पावतीवर घेतलेल्या असतात.

कोविडच्या काळात या यंत्रांची मागणी फार वाढली. जंतू ९९ टक्के मारले जातात असे दावे सर्रास होऊ लागले. अशा दाव्यात चाचणी केवढ्या पेटीत घेतली आणि किती वेळ घेतली, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. लहान बंद पेटीत तासभराने मिळालेला निष्कर्ष शेजारच्या सीटवरच्या शिंकेला लागू पडत नाही. विमाने बनवणाऱ्या बोइंग कंपनीने या काळात आयन तंत्राची स्वतः चाचणी घेतली आणि जंतुनाशनाचा म्हणण्यासारखा परिणाम न दिसल्याने विमानांत त्याचा पुरस्कार केला नाही.

दावे आणि मोजमाप यांची समोरासमोर गाठ पडल्याचे एक प्रकरण व्यापाऱ्यांनी वाचावे असे आहे. ते मोटारीचे नाही, घरातल्या यंत्राचे आहे. अमेरिकेतील शार्पर इमेज या कंपनीचे आयोनिक ब्रीझ नावाचे घरगुती आयनयंत्र नव्या शतकाच्या सुरुवातीला फार गाजले. आवाज नाही, गाळणी बदलायची नाही, दिसायला देखणे. कंपनीच्या विक्रीचा तो मोठा आधार होता. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाने यंत्रांची तुलनात्मक चाचणी घेतली आणि हे यंत्र हवा स्वच्छ करण्यात फारसे उपयोगाचे नाही असे २००३ मध्ये स्पष्ट लिहिले. कंपनीने आपले यंत्र तपासून पाहण्याऐवजी मासिकावर खटला भरला. चाचणीची पद्धत चुकीची असल्याचे तिचे म्हणणे होते. २००४ मध्ये न्यायालयाने खटला काढून टाकला आणि मासिकाच्या वकिलांच्या खर्चापोटी कंपनीला सव्वापाच लाख डॉलर मोजावे लागले. पुढच्याच वर्षी त्याच मासिकाने अशा यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनविषयी लिहिले. २००८ च्या फेब्रुवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एवढ्या मोठ्या दुकानाचे दिवाळे एका वस्तूने निघत नाही, त्याला इतर कारणेही होती. पण ज्याला कर्जाच्या फायली तपासण्याची सवय आहे त्याला हा क्रम बोलका वाटेल. विक्रीचा भार एका वस्तूवर, त्या वस्तूच्या गुणावर शंका, आणि शंकेचे उत्तर प्रयोगशाळेत न देता कोर्टात.

सर्व आयनयंत्रांना एकाच मापाने मोजणेही न्यायाचे होणार नाही. जपानी उत्पादकांची प्लाझ्माक्लस्टर किंवा नॅनो-ई यांसारखी तंत्रे ओझोन अत्यल्प राहावा अशा बेताने तयार केलेली आहेत आणि कारखान्यातून बसवून येणारी यंत्रणा बहुधा गाळणीच्या जोडीने काम करते. गाळणी मुख्य आणि आयन दुय्यम असा तेथे क्रम असतो. संशय घ्यावा तो तीन-चारशे रुपयांना मिळणाऱ्या, उत्पादकाचे नाव-पत्ता नसलेल्या, कोटी-कोटी आयनांचे आकडे छापणाऱ्या वस्तूचा. घ्यायचेच असेल तर कॅलिफोर्नियाच्या नियमाखालील प्रमाणपत्र किंवा यूएल २९९८ हे चिन्ह आहे का, ते विचारावे. या दुसऱ्या चिन्हाची अट फार कडक असून ओझोन दशलक्षात ०.००५ भागांच्या वर जाता कामा नये. या दोहोंचे नाव काढल्यावर विक्रेता विषय बदलू लागला तर उत्तर मिळाल्यासारखेच आहे.

आयनयंत्र ज्याला स्पर्शही करत नाही असे दोन वायू मोटारीत असतात. पहिला कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. बंद गॅरेजमध्ये किंवा आडोशाला इंजिन चालू ठेवून, वातानुकूलन लावून झोपी गेलेल्या माणसांचे मृत्यू या वायूमुळे होतात. निळा दिवा चालू असला तरी त्याच्यापासून काडीचेही संरक्षण नाही. मालाची वाट पाहत रात्री गाडीतच झोपणाऱ्या चालकांना हे मालकाने आवर्जून सांगितले पाहिजे. दुसरा कार्बन डायऑक्साइड, जो प्रवासी स्वतःच सोडतात. मोठे माणूस बसल्या जागी तासाला पंधरा ते अठरा लिटर सोडते. चौघे असले तर साठ-सत्तर लिटर, आणि गाडीतली हवा सारी मिळून तीन हजार लिटर. आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबून ठेवले की अर्ध्या तासात त्याचे प्रमाण बाहेरच्या कितीतरी पट होते. जांभया येतात, डोके जड होते आणि दुपारच्या जेवणावर त्याचा ठपका ठेवला जातो. गर्दीत, घाटात मालमोटारीच्या मागे, धुळीच्या रस्त्यावर ते बटण चालू ठेवावे, कारण त्याने बाहेरचे कण रोखले जातात. मोकळा रस्ता लागला की ते बंद करून बाहेरची हवा आत येऊ द्यावी. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आता गाळणीकडे वळावे. बहुतेक मोटारींत समोरच्या कप्प्यामागे घड्या घातलेल्या कागदासारखी एक गाळणी असते. तिला केबिन फिल्टर म्हणतात. इंजिनाचा एअर फिल्टर तो वेगळा. तेल बदलल्याची तारीख तोंडपाठ असलेल्या अनेक मालकांना ही गाळणी आपल्या गाडीत आहे हेही ठाऊक नसते. साधारणपणे वर्षातून एकदा किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटरनंतर ती बदलावी. ज्यांची गाडी रोज बाजार समितीत, गोदामांत, गुऱ्हाळांच्या आणि वीटभट्ट्यांच्या रस्त्यांवर फिरते त्यांनी त्याआधीच बदलावी. किंमत काही शे रुपये. गॅरेजमध्ये हवेच्या झोताने ती झटकून परत बसवतात, पण त्याने धागे सैल होतात आणि सूक्ष्म कण पुढे निसटतात. वासाचा त्रास असेल तर सक्रिय कोळशाचा थर असलेली गाळणी मिळते, ती थोडी महाग पडते.

राहिला कुबट वास, ज्याच्यासाठी निम्मी आयनयंत्रे आणि सगळ्या अत्तराच्या कुप्या विकल्या जातात. वातानुकूलनाच्या थंड जाळीवर पाणी साचते आणि त्यावर बुरशी धरते, तो तिचा वास. मुक्कामाला पोचण्याआधी पाच मिनिटे वातानुकूलन बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तर जाळी बरीच कोरडी होते. पाणी बाहेर जाण्याची नळी तुंबली नाही ना, हे पावसाळ्यानंतर पाहून घ्यावे. उन्हात उभी असलेली गाडी निघण्यापूर्वी चारही दारे दोन मिनिटे उघडी ठेवावीत.

घरात कोणाला दमा असेल तर गाडीतले आयनयंत्र बंद ठेवावे आणि अत्तराची कुपी काढून टाकावी. यंत्र कारखान्याचे असेल तर ते बंद करण्याची कळ कोठे आहे हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. दम्याचा पंप प्रवासात हाताशी असावा, पर्सच्या तळाशी नको. मात्र गाडी उन्हात उभी करून उतरताना तो आठवणीने बरोबर घ्यावा. बंद गाडीतील उन्हाळ्याचे तापमान त्या डबीला सोसवणारे नसते.